रुमेनाची बेडकी

छोटी गाडी घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण आधी माझं ऐका. पेट्रोल कमी पिते, खरं आहे. बोळातून जाते, दोन झाडांच्या मधे उभी राहते, बिघडली तर बायकांच्या पायमोज्यानंसुद्धा दुरुस्त होते, तेही खरं. पण मोठ्या गाडीच्या मालकापुढे लोक टोपी काढतात आणि छोट्या गाडीच्या मालकाकडे किल्ली मागतात. हे मला नीट कळायला रुमेनाच्या मुलाचं लग्न व्हावं लागलं, आणि त्या दिवसाचा राग अजून माझ्या पोटातून गेलेला नाही.

रुमेना माझी शेजारीण. सर्बियातल्या लेस्कोवात्सच्या कापडगिरणीत आम्ही दोघी शेजारशेजारच्या मागांवर उभ्या असायचो. मागांच्या खडखडाटात बोलता येत नसे, म्हणून आम्ही ओठ वाचायला शिकलो होतो. त्यामुळे रुमेना तोंडातल्या तोंडात जे पुटपुटते ते मला आजही ऐकू येतं, आणि ती बरंच काही पुटपुटते.

तिचा नवरा तिहोमिर एका वर्षासाठी म्हणून व्हिएन्नाला गेला आणि त्याचं ते एक वर्ष काही संपलं नाही. आधी पत्रं यायची, मग नुसती नव्या वर्षाची कार्डं, मग तीही बंद झाली. तिकडे त्यानं दुसरं बिऱ्हाड केलंय हे सगळ्या गल्लीला आधी कळलं आणि रुमेनाला सगळ्यात शेवटी. तेव्हा तिच्या कडेवर दालिबोर होता. जन्मतःच त्याची दोन्ही पावलं आत वळलेली होती. नीश शहरातल्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, पाय सरळ होतील, पण दर आठवड्याला आणावं लागेल, प्लास्टर बदलावं लागेल, मग पट्टे, मग व्यायाम, आणि याला वर्षं लागतील. दोन्ही पायांना प्लास्टर असलेलं मूल घेऊन बसमध्ये चढून बघा कधी. कंडक्टर म्हणायचा, "बाई, एवढं लाकूड घेऊन आत येऊ नका." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मग रुमेनानं रात्रपाळ्या केल्या आणि एका निवृत्त सुभेदाराची जुनी गाडी घेतली. हिरवी, बुटकी, पुढे दोन डोळे बाहेर आलेले. गल्लीनं हसून तिला बेडकी म्हटलं. रुमेना म्हणाली, बरंय, बेडकी तर बेडकी, उडी तरी मारते. आमच्या गल्लीत स्वतःची गाडी चालवणारी ती पहिली बाई.

बेडकीचं इंजिन मागे. उन्हाळ्यात ते तापायचं, म्हणून मागचं झाकण थोडं उघडं ठेवून त्यात लाकडी डाव अडकवायचा. शरद ऋतूत भाजलेल्या लाल मिरच्यांचं ऐवार घोटतात ना, तोच लांब दांड्याचा डाव. चढावर तेवढ्यानं भागलं नाही तर भर जुलैत गाडीतला हीटर पूर्ण सुरू करायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते आणि गाडी तग धरते. आत बसलेली माणसं शिजली तर शिजली. बरं, खिडक्या उघडाव्यात तर एकच उघडता येते. दोन्ही उघडल्या की वारा आरपार जातो, आणि आरपार वाऱ्यानं मान आखडते, दाढ सुजते, माणूस मरतोसुद्धा, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. एकदा नीशच्या वाटेवर पंख्याचा पट्टा तुटला. रुमेनानं रस्त्यावरच पायातले नायलॉनचे मोजे काढले, पिळून गाठ मारली, पट्ट्याच्या जागी चढवले आणि दालिबोरला वेळेवर इस्पितळात पोचवलं. मोज्यावर चालणारी गाडी! मोठ्या गाडीला असलं काही करून दाखवा.

पण छोट्या गाडीची एक खोड आहे. ती कुणालाही उचलता येते. हे अगदी शब्दशः सांगतेय मी. एके दिवशी कॉफीच्या दुकानातल्या रिकामटेकड्या पुरुषांनी बेडकी उचलली आणि चौकातल्या दोन लिंडनच्या झाडांमध्ये अशी बसवली की पुढचं नाक एका खोडाला आणि मागचं दुसऱ्या खोडाला. ना पुढे जाता येईना ना मागे. मग बसले खिदळत. रुमेना आली, तिनं बघितलं. गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि पाळी सुटल्यावर आम्हा सगळ्या जणींना घेऊन आली. आम्ही गाडी उचलली, बाहेर काढली, आणि ठेवली ती थेट त्यांच्या टेबलांच्या मधे. त्यांचे पेले सांडले. दुकानदार ओरडला तेव्हा रुमेना म्हणाली, "एक कॉफी हिच्यासाठी. साखर कमी."

हे हसण्यावारी गेलं. पण ज्यांना ती उचलता येत नव्हती ते मागायचे. कुणाचं पोट दुखलं, बेडकी. कुणाचं डुकराचं पिल्लू बाजारातून आणायचं, बेडकी. त्या वासानं आठवडाभर आमची डोकी उठली होती. आणि सगळ्यात जास्त मागणारा कुम ब्लागोये. कुम म्हणजे ज्यानं तुमच्या लग्नात साक्ष दिली, तुमच्या पोराला नाव दिलं. रक्ताच्या भावाला एक वेळ नाही म्हणता येईल, कुमाला नाही. हे ब्लागोयेला पक्कं माहीत होतं. त्याची स्वतःची मोठी गाडी अंगणात चादरीखाली झाकून ठेवलेली असायची, नवरीसारखी. आणि मिरच्यांचे दिवस आले की हा रुमेनाच्या फाटकाशी उभा.

"रुमेना, तुझी बेडकी दे गं. चार पोती आणायचीत."

"तुझी गाडी काय झाली, कुम?"

"तिच्या गाद्यांना वास लागतो."

"आणि माझ्या?"

"तुझ्या गाद्यांना काय होतंय आता!"

वर हसायचा. मला वाटायचं त्याच्या टाळक्यात तो डाव घालावा. रुमेना किल्ली द्यायची. आणि परत आली की गाडी पाण्यानं धुऊन, मागची सीट उन्हात वाळवून, सोमवारी पुन्हा दालिबोरला नीशला.

पाय झाले सरळ. इतके सरळ की तो फुटबॉल खेळायला लागला. मोठा झाला, आणि गिरणी बंद पडली त्या सुमारास तोही व्हिएन्नाला गेला. तिथं त्याला बाप सापडला. की बापाला तो सापडला, देव जाणे. बापाचा धंदा चांगला चालला होता, दुसरी बायको गेली होती सोडून, आणि आता आयता वाढवलेला, सरळ पायांचा, उंचापुरा मुलगा समोर उभा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. रुमेना त्यावर एवढंच म्हणाली, "बाप आहे त्याचा. भेटू दे." मी मात्र बरंच काही म्हणाले होते, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग दालिबोरचं लग्न ठरलं. मुलगी आमच्याच भागातली, डोंगरातल्या एका गावची. नेवेना नाव, नीशमध्ये दाईचं काम शिकलेली, बोलायला थेट. लग्न इकडेच करायचं ठरलं. रुमेनानं हिवाळाभर टॉवेल भरले. आमच्याकडे वरातीतल्या प्रत्येक गाडीला नक्षीचा टॉवेल बांधतात, आणि टॉवेल मुलाच्या आईनं द्यायचे. शेवटचा टॉवेल तिनं सगळ्यांपेक्षा जास्त जीव लावून भरला. लाल खसखशीची फुलं, काठावर हिरवी वेल. मी विचारलं, हा कुणाचा? ती म्हणाली, "हिचा," आणि खिडकीतून बाहेर बेडकीकडे बोट केलं. "हिच्या मुलाचं लग्न आहे."

लग्नाच्या आदल्या दिवशी तिहोमिर आला. वीस-पंचवीस वर्षांनी. काळी जर्मन गाडी, आमच्या गल्लीत शिरताना दोन्हीकडच्या कुंपणांना विचारत विचारत आली. सोबत त्याचा मित्र, त्याचीही तसलीच गाडी. तिहोमिर उतरला, कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "काही बदललं नाही इथं." रुमेनाशी हात मिळवला, जणू पंचायतीत आलाय. मी माझ्या अंगणात कपडे वाळत घालत होते. मी ते ओले कपडे असे झटकले की त्याच्या कोटावर पाणी उडालं. मुद्दामच उडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बेडकी धूत होतो तेव्हा दालिबोर आला. नवा सूट, छातीवर रोझमेरीची काडी. आईकडे न बघता गाडीकडे बघत राहिला.

"आई, ही आज घरीच राहू दे."

"घरी? का?"

"तू कुमाच्या गाडीत बस. नाहीतर वाद्यवाल्यांच्या व्हॅनमध्ये जागा आहे."

"वाद्यवाल्यांच्या?" मी बादली खाली आपटली. "तुझी आई काय ट्रंपेट वाजवायला येतेय?"

"ल्युबा मावशी, तुम्ही जरा गप्प बसा ना. आई, बाबांनी सगळं लावून दिलंय. व्हिडिओवाला आहे, वरून चित्रीकरण होणार आहे. सगळ्या काळ्या नाहीतर पांढऱ्या गाड्या आणि मधेच ही हिरवी... तिच्यासाठी जागा नाही रांगेत."

रुमेनाच्या हातातल्या फडक्यातून पाणी गळत होतं. "जागा नाही?"

"छोटी गाडी आहे, आई. समजून घे."

हे वाक्य मी विसरणार नाही. मेल्या, तुझे पाय कुणी समजून घेतले होते? मी तोंड उघडलं, पण रुमेनानं माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

"मी माझ्याच गाडीतून येणार," ती म्हणाली.

"बरं. मग मागे ये. अगदी मागे." तो निघाला, फाटकाशी थांबला, आणि खुर्चीवर इस्त्री करून ठेवलेला खसखशीच्या फुलांचा टॉवेल उचलला. "हा घेतो गं. बाबांची गाडी पुढे आहे ना, तिला हाच शोभेल. एक कमी पडतोय, त्यांचा मित्र मोजलाच नव्हता."

म्हणजे टॉवेल कमी पडला तो बेडकीला. वाद्यवाल्यांच्या व्हॅनलाही टॉवेल होता. खरं सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रुमेना आत गेली, डाव घेऊन आली आणि बेडकीच्या मागच्या झाकणात अडकवला. "चल," म्हणाली. "बस."

तर अशी आमची वरात निघाली. सगळ्यात पुढे तिहोमिरची काळी गाडी, खिडकीतून झेंडा बाहेर, बॉनेटवर रुमेनाच्या हिवाळ्याची फुलं. मग मित्र, मग कुम ब्लागोये, त्यानं चादर काढली होती एकदाची, मग पाहुणे, मग ट्रंपेटवाले, आणि सगळ्यांची धूळ खात मुलाची आई. चढ लागला तसं इंजिन तापलं. रुमेनानं हीटर लावला. धुळीमुळे एकही खिडकी उघडता येईना. ऑगस्टचं ऊन, आत भट्टी, माझे केस लग्नासाठी बसवून घेतले होते ते कपाळाला चिकटले. मी तिहोमिरच्या सात पिढ्यांना शिव्यांनी न्हाऊ घालत होते. रुमेना गप्प. ओठसुद्धा हलत नव्हते, तेव्हा मला भीती वाटली.

नेवेनाच्या घरी सगळं रीतीप्रमाणे झालं. झाडावर टांगलेलं सफरचंद दालिबोरनं बंदुकीनं पाडलं, नेवेनाच्या भावानं पैशांसाठी तिचा बूट अडवून धरला, राकियाचे पेले फिरले, रडारड झाली. मग निघायची वेळ आली, आणि रस्त्याचा प्रश्न उभा राहिला.

आमच्याकडे वरात ज्या रस्त्यानं येते त्याच रस्त्यानं परत जात नाही. गेली तर म्हणे नवरीही एक दिवस त्याच रस्त्यानं माहेरी परत येते. सगळेच पाळतात, पण अक्कल ठेवून पाळतात. कुम ब्लागोये म्हणाला, "खाली फाट्यापर्यंत याच रस्त्यानं जाऊ, तिथं शाळेमागून वळसा घालू. झाला दुसरा रस्ता. सगळे तसंच करतात."

"सगळे करतात म्हणून तर वाटोळं झालं," तिहोमिर म्हणाला. "आम्ही परदेशात राहून रीत पाळतो आणि तुम्ही इथं राहून पळवाटा शोधता! खाली पाणचक्कीकडून जुना रस्ता आहे. मी लहानपणी तिथून गाढवं नेलीत. तिथून जायचं."

गाढवं नेलीत. बरोबर. तो रस्ता गाढवांसाठीच आहे. एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला ओढ्याचा कडा, आणि खाली ओढ्यावर जुना दगडी पूल, दोन्हीकडे छातीएवढे कठडे. रुमेना त्या पुलावरून दर शरद ऋतूत जायची, त्या गावच्या मिरच्या आणायला. बेडकी त्यातून जाते. दोन्ही आरशांना कठड्याचा वास येतो, पण जाते.

मी तिला कोपरानं ढोसलं. "अगं, त्या पुलावरून त्यांची ती पेटी जायची नाही."

"माहीत आहे."

"मग सांग ना!"

"कुणाला?" ती म्हणाली. "मी शेवटची आहे." आणि गाडीत जाऊन बसली. मला वाटलं आपण उठून ओरडावं. पण खरं सांगू का, मलाही पुढे काय होतंय ते बघायचंच होतं.

वरात जुन्या रस्त्याला लागली. ट्रंपेट वाजत होते, झेंडा फडकत होता. मग पुढे एक आवाज झाला, पत्र्यावर दगड घासल्याचा, लांबलचक. मग ट्रंपेट एकेक करून थांबले. मग भोंगे. मग शिव्या, सर्बियन आणि जर्मन दोन्ही.

काळी गाडी पुलावर अर्धी शिरून रुतली होती. एक आरसा गेला, दारं कठड्यांना चिकटली, तिहोमिर खिडकीतून सुटाबुटात बाहेर निघताना पट्ट्यात अडकला. मागची दारं तेवढी पुलाच्या बाहेर होती, त्यातून नेवेना आणि दालिबोर उतरले. बाकी सगळ्या गाड्या एकीमागे एक, डाव्या हाताला बांध, उजव्या हाताला कडा. मागे घ्यायच्या तर सगळ्यांनी उलट चढत जायचं, आणि निम्म्या ड्रायव्हरांच्या पोटात राकिया. वळायला तर कुणालाच जागा नाही. खाली लेस्कोवात्सच्या चर्चमध्ये पाद्रीबाबा आमच्यानंतर दुसरं लग्न लावणार होते. ते कुणासाठी थांबत नाहीत. ती वेळ टळली तर पुढे पंधरवड्याचा उपास सुरू, त्यात लग्नं लागत नाहीत.

कुम ब्लागोये धापा टाकत शेवटपर्यंत आला.

"रुमेना, तुझी इथं वळेल का गं?"

"वळेल."

"मग वळव की!"

"मला कुणी विचारलंय?"

"मी विचारतोय ना!"

"तू मिरच्यांसाठी विचारतोस, कुम. हे लग्न आहे."

मग दालिबोर आला. घामानं कॉलर ओली, डोळे इकडेतिकडे. लहानपणी काचेचं काही फुटलं की असाच यायचा.

"आई, किल्ली दे. लवकर. मी नेवेनाला घेऊन जातो."

"किल्ली कुणाला मिळणार नाही."

"आई, आता रुसायची वेळ आहे का?"

"मी रुसले नाही," रुमेना म्हणाली, आणि तिचा आवाज असा चिरला की ब्लागोयेसुद्धा दोन पावलं मागे सरला. "मी चिडलेय! पंचवीस वर्षं सगळ्यांनी माझी गाडी मागितली, आज पहिल्यांदा तिला मान द्यायची वेळ होती, तर तिचा टॉवेल काढून घेतलास! त्याच्यासाठी! आणि आता किल्ली दे!"

 तेवढ्यात सगळ्या गाड्यांच्या कडेकडेनं, दोन्ही हातांनी झगा गुडघ्यापर्यंत धरून, नेवेना येताना दिसली. डोक्यावरची पांढरी जाळी खांद्यावर टाकलेली, बूट हातात. बेडकीपाशी आली आणि वाकून खिडकीतून म्हणाली, "आई, मला नेता का?"

एवढंच. मला नेता का. सकाळपासून कुणाला हे तीन शब्द सुचले नव्हते.

"बस," रुमेना म्हणाली.

"पण त्याच रस्त्यानं परत..." मागून कुणीतरी बाई कुजबुजली.

"मी माहेरी परत येणार की नाही ते मी ठरवीन," नेवेना म्हणाली. "रस्ता नाही ठरवणार." आणि मागे चढली. तिच्यामागून झगा चढला, मग आणखी झगा, मग पांढऱ्या कापडानं मागची सगळी सीट भरली, छतापर्यंत. दालिबोर दार धरून उभा. मी उतरायला निघाले, कारण शेवटी नवरा मुलगा तो, पुढची सीट त्याला द्यायला हवी. रुमेनानं माझी बाही पकडली.

"तू कुठं चाललीस? बस खाली."

"आई, मी?" दालिबोर म्हणाला.

"जागा नाही," रुमेना म्हणाली. "छोटी गाडी आहे. समजून घे."

बेडकी तिनं दोन हिसक्यांत वळवली. मागचं चाक कड्याच्या इतकं जवळ गेलं की मी डोळे मिटले. वर चढताना पुन्हा हीटर. नेवेना मागून म्हणाली, "आई, हे काय, मला भाजायला घेतलंय का?" रुमेना म्हणाली, "इंजिन वाचतंय. तू सोस." मग नेवेनाचं माहेर जवळ आलं. तिची आई अजून फाटकाशीच रडत उभी होती. निघालेल्या नवरीनं वळून घराकडे बघायचं नसतं, आणि इथं तर अख्खी नवरी घरासमोरून परत चालली होती.

"डोकं खाली!" रुमेना ओरडली.

नेवेना झग्यात बुडी मारून सीटच्या खाली गेली. फाटकासमोरून बेडकी भुर्रकन गेली, मागचं झाकण डावावर थडथडत. तिच्या आईला आत फक्त कापडाचा ढीग दिसला असणार. छोट्या गाडीत लपणं सोपं, हेही फायद्यांत धरा.

फाट्यावर आल्यावर नेवेना वर आली. केसांतली फुलं एका कानावर आलेली. "मी त्यांना सांगितलं होतं," ती म्हणाली, "की तुमची गाडी पुढे असू दे."

"मग?"

"मग काय. मलाही कुणी विचारलं नाही."

रुमेनानं आरशातून तिच्याकडे बघितलं, आणि गिअर असा टाकला की माझ्या मणक्याला हिसका बसला. ती रडत नव्हती. तिला इतका राग आला होता की रडायला वेळच नव्हता.

चर्चपाशी पोचलो तेव्हा दुसऱ्या लग्नाची माणसं बाहेर गोळा व्हायला लागली होती. पाद्रीबाबा दारात येरझारा घालत होते.

"नवरदेव कुठंय?"

"येतोय," रुमेना म्हणाली. "चालत."

आला. तिहोमिरच्या अडकलेल्या गाडीवरून पलीकडे चढून, पुलावरून उतरून, जुन्या रस्त्यानं खालपर्यंत पायी. ती रीत त्या दिवशी पाळली कुणी असेल तर फक्त त्यानं. पँट गुडघ्यापर्यंत पांढरी, तोंड लाल, आणि खांद्यावर तो खसखशीच्या फुलांचा टॉवेल. बापाच्या बॉनेटवरून सोडून आणला होता. पाद्रीबाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, आत घेतलं, आणि घाईघाईत लग्न लावलं. मी सगळा वेळ त्याच्या मानेकडे रोखून बघत होते. त्याला ते जाणवत होतं, कारण तो दोनदा मान चोळत होता.

बाहेर आल्यावर तो थेट बेडकीपाशी गेला. खाली बसला आणि टॉवेल पुढच्या बंपरला बांधायला लागला. लोक बघत होते. मागच्या गाड्या उलट घेत आलेल्या पाहुण्यांबरोबर व्हिडिओवालाही पोचला होता एव्हाना, त्यानं कॅमेरा वर केला.

"आण तो," रुमेना म्हणाली आणि हात पुढे केला.

त्यानं दिला. त्याला वाटलं असणार, आई स्वतःच्या हातानं बांधणार. मलाही क्षणभर तसंच वाटलं. रुमेना टॉवेल घेऊन गाडीच्या मागे गेली. झाकणातला डाव काढला, झाकण पूर्ण वर केलं, तेल मोजायची पट्टी ओढून बाहेर काढली आणि टॉवेलनं पुसली. खसखशीच्या फुलांवरून, वेलीवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पट्टी पुन्हा आत घातली, काढली, उजेडात धरून बघितली, पुन्हा पुसली. मग झाकण टेकवलं, डाव अडकवला, आणि काळा झालेला टॉवेल घडी करून दालिबोरच्या हातात दिला.

"तेल आहे," ती म्हणाली. "नेवेना, चल. लोक जेवायला थांबलेत."

नेवेना मागे चढली. पुढची सीट मी मुद्दाम रिकामी ठेवली होती, मी हॉलपर्यंत चालतच जाणार होते. दालिबोरनं ती बघितली. दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"आई, आता तर जागा आहे."

"तुला चालता येतं," रुमेना म्हणाली. "त्याचसाठी तर मी दर आठवड्याला नीशला जात होते."

त्यानं मुठीवरचा हात काढला. तो रडायला लागला, सगळ्यांसमोर, सुटात. मला वाईट वाटलं नाही.

बेडकी निघाली. तिच्यामागे दालिबोर, हातात तो टॉवेल, त्याच्यामागे आम्ही सगळे. हॉल बराच लांब होता, रस्ता मोकळा आणि सपाट. पण सबंध रस्ताभर रुमेनानं पहिला गिअर काही सोडला नाही, आणि मुलगा मागे पडला की ब्रेकचे दिवे लागायचे. मी असते तर चौथा टाकला असता.